स्प्रिंगचा एक वेढा

इलाही, तू गेल्यापासून सतरा दिवस उद्यमनगरात तुझ्याबद्दल एकच गोष्ट बोलली जात होती, आणि ती मी बोलू दिली. गोष्ट अशी की तू विसरलास. पन्हाळ्याच्या पलीकडच्या उतारावर जीप लावलीस, गिअर टाकायला विसरलास, खाली वाकलास आणि जीप अंगावर आली. चहाच्या गाड्यावर एकजण म्हणायचा, "वय झालं हुतं की भाईचं." दुसरा म्हणायचा, "वय कसलं, साठी बी न्हवती. खरं नजर कमी आलती." तिसरा लगेच मान हलवायचा, "असा मेकॅनिक पुन्हा व्हायचा न्हाय, खरं चूक ती चूकच की." आणि मी, तुझा तीस वर्षांचा जोडीदार, त्याच बाकड्यावर बसून बशीतला चहा फुंकत होतो. एक शब्द काढला नाही. तू असतास तर कानफटात दिली असतीस. दे की. कुणी अडवलंय?

तू विसरला नव्हतास. हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, तुझ्या अंगावर चादर होती तेव्हाच. कसं कळलं, ते मी कुणाला सांगितलं नाही. आता सांगतोय, आणि तुला माहीत असलेलंच तुला सांगतोय, म्हणजे बघ माझी काय गत झालीय.

आपली दोन दुकानं आणि मधे एक भिंत. तिकडं तुझं गॅरेज, इकडं माझा लेथ. भिंतीला आपणच भोक पाडलेलं, परवानगी-बिरवानगी काही नाही. त्या भोकातून दिवसभर काय काय जायचं! शाफ्ट, बुश, तंबाखूची चंची, तुझ्या घरून भाभीनं दिलेला डबा आणि शिव्या. मी बौद्धवाड्यातला, तू मोहल्ल्यातला, आयटीआयच्या एका बाकावर बसलो ते कायमचंच. लोक म्हणायचे, इलाही खोलतो आणि आनंदा घडवतो. मला ते ऐकायला लई गोड वाटायचं. घडवतो म्हणे.

तुझा जीव एकाच गोष्टीत, फोर व्हीलच्या ट्रान्सफर केसमध्ये. इंजिन कुणीही खोलतो म्हणायचास. गिअरबॉक्सच्या पाठीला चिकटलेला तो दुसरा डबा, इंजिनचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांना वाटणारा, तो खोलताना मात्र तू हात धुऊन बसायचास. नवीन गिऱ्हाइकाला सांगायचास, "इंजिन म्हंजे आचारी आणि ह्यो डबा म्हंजे वाढपी. आचाऱ्यानं कितीबी शिजवू दे, वाढप्यानं हात आखडला की पंगत उपाशी." मग त्याचा लिव्हर दाखवायचास. एका जागी दोन चाकं ओढतात, एका जागी चारी, आणि एका जागी लो, म्हणजे गाडी मुंगीसारखी चालते पण डोंगर चढते. आणि ह्या सगळ्यांच्या मधे न्यूट्रल. तिथं आलास की तुझा आवाज खाली यायचा. "ही मधली जागा ध्यानात ठेव पावणं. तुझा गिअर पहिल्यात असू दे न्हायतर रिव्हर्सला, ह्यो लिव्हर हितं आला की इंजिनाचा आणि चाकाचा काय संबंध ऱ्हात न्हाय. मग गाडी तुझी न्हवं. उताराची."

मी भिंतीपलीकडून हसायचो. रोज तेच कीर्तन, म्हणायचो.

आणि ते तुझं बोट घालायला लावणं. तेल बघायचं तर मेकॅनिकनं बघावं, पण तुझा नियम, मालकानं स्वतः गाडीखाली जायचं, डब्याच्या कुशीतला बोल्ट काढला की त्या भोकात स्वतःचं बोट घालायचं. तेल बोटाला लागलं तर बरोबर. नाही लागलं तर कमी. मग ते बोट उन्हात धरायचं. चमचम दिसली की तू मालकाच्या तोंडाकडं बघायचास. पुण्याचा तो शर्टाला इस्त्री केलेला आठवतो? "मी फोर व्हील कधी वापरतच नाही," म्हणाला. तू त्याचं बोट त्याच्याच नाकासमोर धरलंस. "खोटं बोलू नगंस. कोरड्या डांबरावर चारी चाकं जोडून मिरवलाईस तू. मातीत चाक जरा घसरतंय, ताण मोकळा हुतोय. डांबरावर घसरायला जागा न्हाय, मग त्यो ताण कुठं जाणार? ह्या दातांवर. ह्यो बघ तुझ्या दातांचा चुरा." बिचारा रुमाल शोधत राहिला. जाताना मात्र तुझ्या पाया पडला. महिन्यातनं दोनदा माळावर नेऊन फोर व्हील लावायची, लिव्हर जाम होऊ द्यायचा नाही, चिखलातनं आल्यावर डब्याच्या डोक्यावरची श्वास घ्यायची नळी तारेनं साफ करायची, नाहीतर आत वाफ कोंडते आणि सील फोडून तेल बाहेर येतं, हे सगळं तू त्याच्याकडून पाठ म्हणून घेतलंस.

असला माणूस विसरला म्हणे.

आता हलक्या लिव्हरचं. ह्याच्यासाठीच मी आज तुझ्याशी बोलायला बसलोय आणि बोटाच्या गोष्टी सांगून वेळ काढतोय.

हवालदार तात्या आले होते, त्यांची पांढरी जीप घेऊन. पलटणीतून निवृत्त, डावा खांदा कामातून गेलेला, जीप मात्र सोडवत नव्हती. म्हणाले, "भाई, ह्यो लिव्हर मला वढत न्हाय. दोन हातानं वढाय लागतोय, मग स्टेअरिंग कोण धरायचं?" तू म्हणालास, जड असतोच तो, असायलाच पाहिजे. तेव्हा मी भोकातून डोकं घातलं. मला कुणी विचारलं होतं? लिव्हरच्या दांडीला खाचा असतात, खाचेत एक पोलादी गोळी बसते आणि गोळीच्या पाठीवर एक स्प्रिंग दाबून धरते. तीच लिव्हर जागच्या जागी ठेवते. मी म्हणालो, "स्प्रिंगचा एक वेढा कापू या. ग्राइंडरला लावतो, टोक गोल करून देतो. लोण्यासारखा फिरंल."

तू म्हणालास, "कंपनीनं ती स्प्रिंग काय गंमत म्हणून घातलीया व्हय?"

मी म्हणालो, "कंपनीला तात्याचा खांदा कुठं ठावं हाय?"

तात्या हसले, तूही हसलास, आणि मी कापली. तात्यांनी एका बोटानं लिव्हर पाडून दाखवला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते मी बघितलं, लेका, आणि मला चढली. मला वाटलं हे कंपनीच्या इंजिनिअरला सुचलं नाही ते आनंदा कांबळ्याला सुचलं.

मग काय, बोलबाला झाला. इलाहीभाईंचा हलका लिव्हर. दुधाच्या जीपा आल्या, माणसं भरणाऱ्या जीपा आल्या, हौशी पोरं आली. ज्यांचे खांदे धडधाकट होते तेही यायला लागले. तू भोकातून स्प्रिंग सरकवायचास, मी वेढा कापून परत द्यायचो. नाव तुझं झालं, पण तुला, मला दोघांनाही ठाऊक होतं की अक्कल कुणाची. पाचसहा वर्षं चाललं ते. काही झालं नाही. काही होत नाही म्हटल्यावर माणूस विचार करायचा सोडतो, बघ.

गेल्या वर्षी तू एका दुपारी एक डबा खोलून माझ्याकडं आलास, भोकातून नाही, रस्त्यावरून फिरून. हातात गिअर होता. दातांची टोकं झिजून निमुळती झाली होती. तू दोन गिअर एकमेकांत अडकवून पिळलेस आणि ते माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांपासून सरकले. "बघितलंस? दात झिजलं की भार आला की ते आपोआप भाईर सरकायला बघत्यात. त्यांना धरून ठेवायला एकच गोष्ट हाय, गोळीवरची स्प्रिंग. आणि ती आपण मारून ठेवलीया. नवीन गाडीत चालतंय, आनंदा. ह्या गाड्या आता जुन्या व्हायला लागल्यात."

मी काय म्हणालो ते तुला आठवत असेल. मला तर शब्दन् शब्द आठवतोय. "दात झिजले ती माझी चूक व्हय? तेल बदलत न्हाईत साले." तू म्हणालास, हा डबा ज्याचा त्याच्या गाडीला मी परत पूर्ण स्प्रिंग घालतोय, आणि आजपासून कापायचं बंद. इथवर मी ऐकलं. मग तू म्हणालास, "आणि जेवढ्या केल्यात तेवढ्या सगळ्या बोलवून घेऊ. फुकट बदलून देऊ." तेव्हा माझं टाळकं सटकलं. "बोलवून काय सांगणार? आम्ही तुमची गाडी बिघडवून दिलीया म्हणून? हसतील लोक. तुझं नाव हाय म्हणून तुला काय वाटत न्हाय, डोकं माझं हुतं त्यात!"

चार दिवस आपण बोललो नाही. भिंतीच्या भोकाला तू आतून पुठ्ठा लावलास. पाचव्या दिवशी पुठ्ठा काढलास आणि तंबाखू पुढं केलीस, आणि मी समजलो की विषय संपला. तू पुन्हा काढला नाहीस. का रे काढला नाहीस? माझ्या नाकाला एवढं कशाला जपलंस? तुझ्यावर राग येतो मला ह्या एका गोष्टीचा. तू थोरला होतास. दोन तडाखे द्यायचे, कॉलर धरून सांगायचं, आनंदा, उद्यापासून एकेक गाडी बोलवायची. मी ऐकलं असतं. नसतं ऐकलं बहुतेक. पण आज मला म्हणायला तरी जागा राहिली असती.

त्या दिवशी सकाळी रंगराव आला, दुधाचा. जुनी जीप नवीनच घेतलेली, नुकता हिरवा रंग मारलेला. खालून कुरकुर येते म्हणाला, पण इथं सपाटीला येत नाही, घाटातच येते. तू म्हणालास, "चल की आनंदा, तासाभरात येऊ." माझ्या लेथवर कागल एमआयडीसीचं काम चढलेलं होतं. मी हात हलवला. तेवढंच. तुला मी पाठमोरंसुद्धा नीट बघितलं नाही.

पुढचं रंगरावानं मला एकट्याला सांगितलं, नंतर, रडत. म्हणाला, उतारावर भाईंनी लिव्हर लोमध्ये टाकला आणि त्यांचा हात तिथंच थांबला. दोनदा हलवून बघितला. मग म्हणाले, "ही आमच्याच हातची दिसतीया." गाडी कडेला घेतली, गिअर पहिल्यात टाकला, इंजिन बंद केलं. हॅन्डब्रेक त्या गाडीचा कधीचाच मेलेला. रंगरावाला म्हणाले, "दगड आण चाकाला." आणि दगड यायच्या आधी गाडीपुढं वाकून बघायला गेले. रंगराव दोन्ही हातांत दगड घेऊन वळला तेव्हा गाडी निघाली होती. कुणी ढकललं नाही. आवाजसुद्धा नाही, म्हणाला. खट् असा एकदा, बारीक, आणि मग चाकांखालची खडी.

तू गिअरवर विश्वास ठेवून वाकलास. चाळीस वर्षं ठेवत आलास तसाच.

मी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. लोकांनी जीप ढकलून बाजूला केलेली. माझी नजर पहिल्यांदा तुझ्याकडं गेली नाही, इलाही. खोटं कशाला बोलू? माझी नजर आधी जीपमध्ये गेली. गिअरचा दांडा पहिल्यात होता. शेजारचा लिव्हर मधल्या जागेत होता. मी बघितलं. पोलीस पंचनाम्याला आले. माहितगार म्हणून मला विचारलं, गिअर कुठं होता? रंगराव घाबरून बोलून बसला होता की भाई विसरले असतील. मी म्हणालो, "मी आलो तवा गाडी हलवलीती. मला काय सांगता येत न्हाय."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली.

जीप सुटून तुझ्या गॅरेजला आली, तेव्हा मी शटर अर्धं ओढून डबा खोलला. स्प्रिंग काढली. तिच्या कापलेल्या टोकाला मी घासतो तशीच गोलाई होती, एका बाजूला किंचित जास्त, कारण माझं मनगट तिकडं वळतं. हिरवा रंग नखानं खरवडला, तर खाली पांढरा. तात्यांची जीप होती ती. तात्या वारले, पोरानं विकली, दोन हात फिरून रंगरावाकडं आली आणि तुला शोधत आली. मी ती स्प्रिंग खिशात घातली आणि पूर्ण स्प्रिंग बसवून डबा बंद केला. पुरावा झाकला म्हणतात त्याला. मी त्याला दुरुस्ती म्हणत होतो.

तुझ्या जियारतीला, तिसऱ्या दिवसाच्या दुवेला, आलो तेव्हा भाभी पडद्याआड बसली होती. तीस वर्षं जिच्या हातचं जेवलो, तिच्या इद्दतीमुळं, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पडद्यात राहायच्या त्या नेमामुळं, तिचं तोंड मला दिसत नव्हतं. दाराला चादर लावलेली, आणि आतून आवाज आला.

"आनंदभाऊ, एक सांगा. गिअर टाकायचा राहिलता का हो त्यांच्याकडनं? लोक म्हणत्यात."

मी म्हणालो, "आता काय बोलणार भाभी. घडायचं हुतं ते घडलं."

चादर हलली. मी चप्पल उलटी घालून बाहेर पडलो.

त्यानंतर झोपेचं सोड, दिवसाढवळ्या मला जीपा दिसायला लागल्या. बिंदू चौकात सिग्नलला एखादी जीप उभी राहिली की मी तिच्या चाकाकडं बघायचो. पेठ वडगावच्या बाजाराला गेलतो, तिथं चढावर एक उभी होती, खाली बायका भाजी मांडून बसलेल्या. मी तिच्या पुढं जाऊन उभा राहिलो. काय करणार होतो? हातानं थांबवणार होतो? मालक आला, म्हणाला, "काय पावणं, काय पायजे?" मी म्हणालो, काही नाही. ती आपली नव्हतीसुद्धा बहुतेक. पण ती नव्हती म्हणजे दुसरी कुठलीतरी कुठंतरी उभी होती. किती कापल्या आपण? तीसेक? मी मोजल्या नाहीत. कुणाच्या, ते तर मला माहीतच नाही. माझ्याकडं भोकातून स्प्रिंग यायची, गाडी मी कधी बघायला गेलो? आणि तू कागदाला पेन लावणारा माणूस नव्हेस.

सतराव्या दिवशी तुझा फोन वाजला. तुझ्या थोरल्या लेकीनं तो माझ्याकडं देऊन ठेवला होता, गिऱ्हाइकांना सांगायला. पलीकडं सदाशिव, पन्हाळ्याच्या मागच्या वाडीतला. बाया शेतावर नेतो-आणतो जीपमधून.

"भाई, लिव्हर निसटाय लागलाय हो उताराला. परवापास्नं तीनदा झालं."

मी म्हणालो, "भाई न्हाईत. मी आनंदा बोलतोय. गाडी कुठं हाय आत्ता?"

"चढावर की. भांगलणीच्या बाया बसल्यात. निघालोयच."

"निघू नगं. चाकांला दगड लाव आणि सगळ्यांस्नी खाली उतरीव."

तो हसला. "काय आनंदभाऊ, उनं व्हायच्या आत रानात पोचाय नगं व्हय? लिव्हर हातानं धरून बसतो मी, काय हुत न्हाय."

काही होत नाही. माझेच शब्द. मी मोटरसायकल काढली. तिथपर्यंतचा रस्ता कसा गेला, मला माहीत नाही. तुझा तो उतार मधेच लागतो, तिथं मी मान वळवली नाही.

तो निघाला नव्हता. एक बाई यायची राहिली होती म्हणून थांबला होता. तेवढ्यावर वाचलं सगळं, एका बाईला उशीर झाला म्हणून. जीप वाडीच्या चढावर, खाली पाण्याची टाकी आणि टाकीवर माणसं. जीपमध्ये दहाबारा बायका, खुरपी मांडीवर. चाकाला दगड नाही. मी दोन धोंडे उचलून टायरखाली कोंबले आणि ओरडलो, "उतरा! सगळ्याजणी उतरा!"

सदाशिव चिडला. "आनंदभाऊ, डोकं फिरलंय व्हय? इलाहीभाईंच्या हातचं काम हाय हे. बघा, एका बोटानं पडतंय." आणि त्यानं मला दाखवायला बोट लावलं.

"इलाहीच्या हातचं न्हवं," मी म्हणालो. "माझ्या हातचं. आतली स्प्रिंग मी कापलीया. ह्याच्यापायीच त्यो मेला. गाडी गिअरात हुती, सदाशिव. इलाही काय विसरला न्हवता."

इलाही, ते मी पहिल्यांदा मोठ्यानं बोललो ते तिथं, परक्या बायकांसमोर, ज्यांना तू कोण तेही धड ठाऊक नव्हतं. त्या निमूट उतरल्या. एक म्हातारी खुरपं पदरात गुंडाळत म्हणाली, "आणि हे तुला कवापास्नं ठावं हाय रं?" मी सांगितलं, "सतरा दिस." सदाशिवानं लिव्हरवरचं बोट कधी काढलं ते मी बघितलं नाही.

तिथल्या तिथं डबा उतरवता येत नव्हता, पण गोळी आणि स्प्रिंग वरून निघते. मी पूर्ण स्प्रिंग घातली, लिव्हर दोन हातांनी ओढून बघितला. जड. मग तिथून थेट तुझ्या घरी आलो, तेलकट हातांनीच. चादरीबाहेर उंबऱ्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. तात्यांचा खांदा, ग्राइंडर, आपलं भांडण, पंचनामा, खिशातली स्प्रिंग. काही ठेवलं नाही. मला वाटलं भाभी उठून गेली. मी दोनदा हाक मारली.

आतून आवाज आला. "आणखी किती गाड्या हायत अशा?"

"पंचवीस-तीस असतील. कुणाच्या, ते इलाहीलाच ठावं हुतं."

"मलाबी ठावं हाय."

भाभी सांगत गेली. "रोज जेवताना सांगायचे की. आज गगनबावड्याचा आलता, त्याची पोरगी नर्स हाय. आज राधानगरीचा आलता, तंबाखूचा नाद सोड म्हटलं त्याला. लिव्हर कुणाकुणाचा हलका करून दिला तेबी सांगायचे. मागल्या वर्षापास्नं तर तेवढंच सांगायचे. त्यांच्या बायकांचे नंबर हायत माझ्याकडं, आम्ही लग्नं-बारशाला गेलतो त्यांच्यात." मग म्हणाली, "मला इद्दतीत भाईर पडता येत न्हाय. फोन लावाय येतोय. तुम्ही हितं बसून काय करताईसा? उठा. स्प्रिंगा घ्या."

मागल्या वर्षापासून तू तिला तेवढंच सांगत होतास. माझ्याशी तंबाखू चोळायचास आणि घरी जाऊन तिच्यापुढं एकेक गाडी आठवायचास. मला वाटत होतं विषय संपला.

त्या दिवसापासून रोज सकाळी मी त्या दारात जातो. चादरीआडून भाभी एक गाव सांगते, एक नाव सांगते, कधी दोन. "ते चढालाच राहत्यात, आधी तिकडं जावा." मी जातो. आधी चाकाला दगड लावतो, मग मालकाला खरं काय ते सांगतो, मग स्प्रिंग बदलतो. काहीजण शिव्या देतात, बरं वाटतं. एकानं कॉलर धरली. दोघांनी तुझ्यासाठी हात उचलून दुवा मागितली. एकजण म्हणाला, असू दे हलकाच, मला सवय झालीय. त्याची गाडी मी चावी काढून घेऊन दुरुस्त केली. चहाच्या गाड्यावर मी दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना ऐकवलं. तेव्हापासून तिथं मला कुणी जागा देत नाही, पण तुझं नाव आता नीट घेतात.

काल दोन गाड्या झाल्या. एकीचे दात इतके झिजले होते की माझ्या हातातच लिव्हर मधे घसरला, चाकाखाली दगड होते म्हणून बरं. संध्याकाळी दारात जाऊन सांगितलं तेव्हा भाभी म्हणाली, "आता नऊ राहिल्या."

मी उठायला लागलो. जायला निघालो तर आतून आवाज आला, मोठा नाही, रागाचाही नाही.

"आनंदभाऊ."

"काय भाभी?"

"तुमच्याशी मला काय बोलायचं हाय, ते मी नऊच्या नऊ झाल्यावर बोलतो."

आज सकाळी तिनं नाव सांगितलं, मी गेलो, गाडी झाली. आठ राहिल्या. त्यातली कुठली कुठल्या उतारावर उभी आहे, खाली कोण बसलंय, ह्या विचारानं मी आजच स्प्रिंगा पिशवीत भरून ठेवल्यात, आणि उद्या सहा वाजताच निघणार आहे मी. पण खरं सांगू, इलाही? तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगणार? मला त्या आठ गाड्यांपेक्षा शेवटची दुरुस्त करून तिच्या दारात जायची जास्त भीती वाटते.